उमरावाचं हसू

“‘तुला मी जिवंत सोडणार नाही’, स्वल्पविराम, तो हसत म्हणाला, पूर्णविराम. नवा परिच्छेद.”

हे मी बसथांब्यावर उभी राहून म्हणत होते, आणि तेही चांगलं खणखणीत. पाऊस भुरभुरत होता, बस येत नव्हती आणि हातात कादंबरीचं चौथं प्रकरण होतं. वेळ नुसता चाललाय असं दिसलं की मला उगाच धडधडायला लागतं, म्हणून मी कुठेही वाचते. शेजारचा तरुण आधी दोन पावलं लांब सरकला. मग त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एक पाऊल परत जवळ आला.

“एक विचारू? ज्याला जिवंत सोडायचं नाहीये... तो मी तर नाही ना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाही हो! तो सतराव्या प्रकरणात मरतो.”

“चला. म्हणजे अजून तेरा प्रकरणं आहेत माझ्याकडे.”

बस आली. तो माझ्याच बसमध्ये चढला, माझ्याच थांब्यावर उतरला, माझ्याच इमारतीत शिरला आणि जिन्यात माझ्या मागोमाग येऊ लागला, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. तिसऱ्या मजल्यावर मी गर्रकन वळले.

“तुम्ही माझ्या मागे मागे का येताय?”

“आज माझा पहिला दिवस आहे,” तो खिशातलं नेमणुकीचं पत्र दाखवत म्हणाला. “पण तुमची हरकत असेल तर... उद्या येतो.”

असा आमच्या प्रकाशनाच्या कचेरीत पाहुणा आला. आमच्याकडे नवा माणूस सहसा टिकत नाही, म्हणून पहिलं वर्षभर त्याला सगळे पाहुणाच म्हणतात. मला टाचणी म्हणतात. एक तर मी तशीच बारीक, आणि दुसरं म्हणजे चुका टोचून काढणं हे माझं काम.

त्या कामाची एक रीत आहे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं छापील प्रुफावर पेन्सिल धरून मागोमाग जायचं. वाचणाऱ्यानं आवाजात भाव आणायचा नाही, कारण भाव आला की कान गोष्टीत रमतो आणि डोळा चूक गिळतो. ही शिकवण भिंगकाकांची. ते आमचे सगळ्यांत जुने मुद्रितशोधक. मला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं. आम्ही जोडीनं वाचून झालं की शेवटचं वाचन काका एकटे करायचे, भिंग लावून.

आणि तिथंच माझा जीव टांगणीला लागलेला होता. गेल्या वर्षभरात काकांची नजर फार अंधूक झाली होती. जेवणानंतर ते खुर्चीत डुलकी काढत, तेवढ्यात मी त्यांची पानं गुपचूप पुन्हा तपासायची आणि सुटलेल्या चुका त्यांच्यासारख्या खुणा करून दुरुस्त करायची. साहेबांना कळलं असतं तर काका कायमचे घरी बसले असते. घरी त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं.

पाहुणा माझा जोडीदार झाला. तो वाचायचा, मी तपासायची. खुनाचा प्रसंगसुद्धा तो औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसा वाचायचा. आणि मध्येच आवाज जराही न बदलता काहीतरी घुसडायचा.

“‘भुयाराचं दार करकरलं’, पूर्णविराम. ‘टाचणीच्या गालावर शाई लागली आहे’, पूर्णविराम.”

“हे प्रतीत नाहीये.”

“प्रतीत नाही. गालावर आहे.”

त्यानं रुमाल पुढे केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि पुढचं वाक्य वाचायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मला त्या पानावर एकही चूक सापडली नाही, आणि नंतर पाहिलं तर चार होत्या.

कादंबरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची होती, आम्ही नव्यानं छापत होतो. कड्यावरचा काळाकभिन्न महाल, त्यात एक उमराव आणि त्याचा पोरका पुतण्या. उमराव पुतण्याला वाईट असं काहीच शिकवत नाही. पोरानं काही चांगलं केलं की फक्त हसतो. पोरगा भिकाऱ्याला स्वतःची शाल देतो, उमराव हसतो. घोड्यावर उगारलेला चाबूक अडवतो, उमराव हसतो. बाराव्या प्रकरणात चाबूक पुतण्याच्याच हातात असतो. भुताखेतांना मी भ्यायले नव्हते, पण त्या हसण्यानं मला घाम फुटायचा.

कारण आमचे साहेबही रागवायचे नाहीत. त्यांचा आवाज चढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते हसायचे, नाकानं, अर्धवट.

पाहुण्यानं एकदा काकांसाठी घरून टेबलावरचा दिवा आणला. साहेब दारात थांबले. आधी दिव्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे, आणि हसले. “अरे, तू संपादक व्हायला आलायस की सेवेकरी?” सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून साहेब त्याला केबिनमध्ये चहाला बोलावू लागले. हुशार मुलगा आहे, म्हणाले, फक्त जरा कणखर व्हायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात तो केबिनमधून बाहेर आला, तो नाकानं हसत.

मी घरी आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.”

“आई, तो काय बैल आहे?”

“नाही ना? मग तर आणखी लवकर लागेल.”

आणि लागलाच. एकदा चहाच्या वेळी पाहुण्यानं काकांची नक्कल केली. कागद नाकाला लावून, बशी भिंगासारखी धरून, डोकं या ओळीवरून त्या ओळीवर फिरवत. नक्कल इतकी हुबेहूब होती की सगळ्यांत आधी मीच फिसकन हसले. मागे वळून पाहते तो दारात काका.

“भिंग डावीकडे धर रे,” ते शांतपणे म्हणाले. “उजव्यानं मला दिसत नाही.”

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. पाहुण्याचा राग आला होता, पण माझ्या स्वतःच्या हसण्याची जी किळस आली होती ती त्याहून मोठी होती.

चार दिवसांनी एकविसावं प्रकरण काकांच्या टेबलावर आलं. जेवणानंतर त्यांची मान कलली, तशी मी पानं ओढून घेतली आणि तपासायला लागले. तिसऱ्याच पानावर माझी पेन्सिल थांबली. टंकणाऱ्याच्या चुका बोटांच्या असतात, अक्षर गळतं, ओळ दोनदा पडते. या चुका बोटांच्या नव्हत्याच. उमराव डाव्या पायानं लंगडायचा तो उजव्यानं लंगडत होता. विसाव्या प्रकरणात मेलेली दाई दार उघडायला येत होती. कुणीतरी विचार करून, निवडून घातलेल्या होत्या त्या. मला सात सापडल्या. काकांच्या पेन्सिलीची एकही खूण त्यांच्याजवळ नव्हती. आणि जोडवाचनानंतर दुरुस्त्या करून नवी पानं काकांच्या टेबलावर आणून ठेवायचं काम एकट्या पाहुण्याचं होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. या वेळी वैऱ्यानंही तेच चिंतलं होतं.

पाहुणा जिन्यात, फुटक्या काचेच्या खिडकीपाशी उभा होता. पावसाचे थेंब आत येत होते.

“किती घातल्यास?” मी विचारलं.

कशाबद्दल म्हणतेस, असं त्यानं विचारलं नाही. “नऊ.”

“मला सातच सापडल्या,” मी म्हणाले.

“साहेब म्हणाले, गंमत करू. बघू म्हातारा किती पकडतो. चार वाजता पानं मागवणार आहेत... सगळ्यांसमोर.”

“आणि तू हो म्हणालास.”

“नाही म्हणणार होतो. पण ते हसले.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. “तो माणूस हसला ना, की आपण चांगले आहोत याचीच लाज वाटायला लागते. मी ती कादंबरी रोज वाचतोय, टाचणी. मला दिसतंय काय चाललंय. तरीसुद्धा...”

“मला तू आवडायला लागला होतास,” मी एकदम बोलून गेले. रागानं, आणि रडू येत असताना. “पहिल्या दिवसापासून. आणि आता मला तुझी भीती वाटते.”

“‘लागला होतास’ म्हणजे... संपलं?”

“मला माहीत नाही!”

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. “उरलेल्या दोन मी दाखवतो. आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर. कुण्णाला कळणार नाही.”

किती सोपं होतं! वर्षभर मी तेच तर करत आले होते. पण त्यानं ते बोलून दाखवल्यावर मला ते कसंसंच वाटलं.

“नको. काकांना सांग.”

“साहेब हसतील.”

“हसू देत. चल, मलाही त्यांना काही सांगायचंय.”

काका जागे होऊन चष्मा पुसत होते. पाहुण्यानं आधी सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. काका “बरं” म्हणाले. मग मी माझं सांगितलं. काकांनी पुसलेला चष्मा घडी घालून टेबलावर ठेवला.

“यानं मला एक दिवस फसवलं,” ते म्हणाले. “तू वर्षभर.”

“काका, मी तुमच्यासाठीच...”

“ते कळतंय गं. पण मला वाटत होतं, डोळे अजून चालतायत. एकही तक्रार येत नव्हती. म्हणून दवाखान्याची पायरी चढलो नाही.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. दया म्हणून जे करत होते त्यानं त्यांचं एक वर्ष खाल्लं होतं. पाहुण्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“रडू नकोस, पानं भिजतील,” काका म्हणाले आणि डोळे मिटून मागे रेलले. “पाहुण्या, तू वाच. डोळे गेले असतील, कान शाबूत आहेत. बघू तुझ्या नऊ.”

तो वाचायला लागला. काका मधेच हात वर करायचे. “थांब. दाई कालच मेली ना? मग दार कुणी उघडलं?” आसपासच्या टेबलांवरची कामं थांबली. दुसरी सापडली, तिसरी सापडली. सहावी सापडली आणि केबिनचं दार उघडलं. साहेब कप घेऊन बाहेर आले.

“वा! आता कानानं प्रुफं तपासायची? उद्या हुंगून तपासा.” आणि ते सगळ्यांकडे बघत हसायला लागले. दोघंतिघं हसले. खरं सांगते, सवयीनं माझेही ओठ हलले.

पाहुणा उभा राहिला. “साहेब, यात हसण्यासारखं काय आहे?”

त्यात उद्धटपणा नव्हता. एखाद्याला खरंच कळलं नाही की तो विचारतो, तसं त्यानं विचारलं.

“अरे, गंमत...”

“कसली गंमत?”

हसणाऱ्यांनी आपापल्या कागदांत डोकी घातली. साहेब कपाकडे बघत राहिले आणि मग आत निघून गेले. मी ती कादंबरी दोनदा वाचली आहे. बत्तीस प्रकरणांत पुतण्या उमरावाला हा प्रश्न एकदाही विचारत नाही.

पाहुण्यानं उरलेली पानं वाचून संपवली. “नवातल्या सहा,” काका म्हणाले. “पास झालो. पण पास होण्याएवढ्यावर पुस्तक छापत नाहीत.” त्यांनी कागद मागून घेतला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. साहेबांनी मुकाट सही केली. पाहुण्याची मात्र दुसऱ्याच दिवशी तळघरातल्या गोदामात बदली झाली, पार्सलं बांधायला.

आठ दिवस आम्ही धड बोललोही नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला केबिनमध्ये जाताना पाहिलं. दहा मिनिटं तो आत होता. आतून हसण्याचा आवाज आला. एकाचा की दोघांचा, ते दाराबाहेरून कळेना. सकाळी आठला दवाखान्यात येतो असं तो काकांना म्हणाला होता. आता तो येणार नाही, हे मी रात्रीतच ठरवून टाकलं आणि त्याच्यावर शंभर वेळा रागावूनही झाले.

पावणेआठला मी पोचले, तर तो काकांच्या खाटेशी बसून त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होता.

“साहेब काय म्हणाले?” मी दारातूनच विचारलं.

“वरची जागा परत देतो म्हणाले. फक्त आज सुट्टी घ्यायची नाही.”

“मग?”

“मग काय... पार्सलंच बांधायची. सुतळीनं बोटं सोललीयत, ही बघ.”

मी बघितली. बघून झाल्यावरही मी ती सोडली नाहीत.

दुपारी काका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. ते झोपलेत असं वाटून तो हळूच म्हणाला, “मला तू आवडतेस. पण मी कसा होऊ शकतो ते तू पाहिलंयस. तू नाही म्हणालीस तरी...”

“मीही हसले होते त्या दिवशी,” मी म्हणाले. “सगळ्यांत आधी. मी कशी होऊ शकते ते मीही पाहिलंय.”

“म्हणजे?”

मी खाली वाकून कसंबसं काहीतरी पुटपुटले.

“पट्टी डोळ्यावर आहे, कानावर नाही,” उशीवरून आवाज आला. “पण पोरी, तू काय पुटपुटलीस ते काही कळलं नाही. जरा मोठ्यानं.”

“काका!”

“त्यालाही कळलेलं नाही. चेहरा बघ त्याचा... मला दिसत नाहीये, पण तू बघ.”

मी बघितलं. खरंच कळलेलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याइतकीच भीती होती.

“मला तू आवडतोस,” मी मोठ्यानं म्हणाले. “भीती वाटते, तरी आवडतोस!”

पलीकडच्या खाटेवरच्या आजी ताडकन उठून बसल्या, आणि बाहेरून नर्स ओरडली की इथे पेशंट झोपलेत.