निळ्यावर निळं

बंदराच्या मनोऱ्यातला तो पडदा पाहून नवखा माणूस हमखास हसायचा. ना चित्र, ना नकाशा. निळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या अक्षरांच्या ओळी, एका बोटीला एक ओळ. बाहेरून आलेल्या बोटी पांढऱ्या, धक्क्याला लागलेल्या हिरव्या आणि बंदराच्या स्वतःच्या पिवळ्या. बंदराच्या मालकीच्या अशा बोटी दोनच होत्या. एक गाळ काढणारं जुनं धूड, आणि दुसरी पायलट लाँच. मोठ्या जहाजांना खाडीबाहेर काढून द्यायचं आणि परत यायचं, एवढंच लाँचचं काम. लाँच चालवणाऱ्या पोराची थोरली बहीण मनोऱ्यात त्या पडद्यासमोर बसायची.

पडद्यामागचा प्रोग्राम सांभाळणारी तीच. "जग कुठल्या कुठे गेलं आणि तू अजून पाटी-पेन्सिल घेऊन बसलीयस," भाऊ चिडवायचा. ती मनावर घ्यायची नाही. उन्हाची तिरीप पडद्यावर आली तरी तिची ओळ वाचता यायची, कारण कोणत्या रंगावर कोणता रंग उठतो हे तिने डोळे फोडून ठरवलेलं होतं.

त्यातली गोम अशी, की प्रोग्रामला सुटा रंग कळत नाही, जोडी कळते. अक्षराचा एक रंग, पाठीमागचा एक रंग, आणि त्या जोडीला एक नंबर. ओळीला फक्त तो नंबर सांगायचा. त्यामुळे जोडीतला रंग बदलला, की त्या जोडीत लिहिलेलं सगळं एका दमात बदलतं, मग ते पडद्यावर कुठेही असो. हे विसरलं, की फजिती ठरलेली.

एखादी बोट भंगारात गेली, तर तिची ओळ ती खोडत नसे. खोडली की खालच्या ओळी वर सरकतात आणि बंदराच्या साहेबांचा पारा चढतो, कारण साहेब नाव वाचत नसत, जागेवरून बोट ओळखत. म्हणून तिने एक खास जोडी केली होती. अक्षरं निळी, पाठही निळी. ओळ आहे तिथेच राहायची, फक्त दिसायची नाही. ऑफिसात याला 'बुडवणं' म्हणायचे. "ती फेरीबोट बुडवलीस का गं?" असं साहेब फोनवर मोठ्याने विचारायचे, आणि समोर बसलेला पाहुणा दचकायचा. मग सगळे पोट धरून हसायचे.

त्या दिवशी सकाळी गाळाची बोट ओढून भंगारात नेली. "बुडवून टाक तिला," जाता जाता साहेब म्हणाले. तिच्या एका कानाला फोन होता, डोक्यात दहा कामं. त्या बोटीची ओळ निळ्यावर निळ्या बुडत्या जोडीत टाकायची, ते सोडून तिने पिवळ्या जोडीचाच रंग निळा केला. गाळाची बोट पडद्यावरून गेली. तिच्या वरची ओळही गेली, पण तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि तिचं लक्ष गेलं नाही.

दुपारी वायरलेस खरखरला.

"ताई, धुकं उतरलंय का तिकडे?"

"छे, स्वच्छ आहे. का रे?"

"मग मला धक्का का दिसत नाहीये?"

तिने सवयीने पडद्याकडे पाहिलं. भावाची ओळ जिथे असायची तिथे निळं मोकळं होतं. तिने कपाळावर हात मारला, जोडीला पिवळा परत दिला, आणि दोन्ही ओळी जागच्या जागी उमटल्या. स्वतःशीच हसून तिने बटण दाबलं. "आता?"

"आता काय?"

"काही नाही. दिसतोय का धक्का?"

"नाही गं. सगळं एकाच रंगाचं झालंय. पाणी कुठे संपतं आणि वरचं कुठे सुरू होतं, कळतच नाही."

तिने दुर्बीण उचलली. खाडी स्वच्छ होती. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, पण दोन्हींच्या मधली रेघ ठळक दिसत होती. आपण खाडीच्या तोंडाशी आहोत असं तो सांगत होता, पण त्या जागी काहीही नव्हतं. रडारवरही ठिपका नव्हता. साहेबांनी जहाजं ओढणारी टगबोट पाठवली. टगचा चालक म्हणजे तीस-पस्तीस पावसाळे पाण्यावर काढलेला माणूस, उगाच बोलणारा नव्हे.

"त्याच जागी उभा आहे मी," तो वायरलेसवर म्हणाला. "इथे चिटपाखरू नाही."

त्याच्या पाठोपाठ भावाचा आवाज आला, चिडलेला. "ताई, अगं हा माणूस आंधळा आहे का? माझ्या अंगावरून गेला! त्याच्या लाटेने लाँच कलंडता कलंडता राहिली. घसा फुटेस्तोवर ओरडलो मी."

टगच्या चालकाने ते ऐकलं असणार. साहेबांनीही ऐकलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि "मी खाली धक्क्यावर थांबतो" म्हणून जिना उतरले.

ती एकटी पडद्यासमोर राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत भावाची ओळ विझायला लागली. शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या अलीकडचं. तिने हात लावला नव्हता. ओळ कोणत्या जोडीत आहे, असं तिने प्रोग्रामला विचारलं. उत्तर आलं, बुडत्या जोडीत. तिने ओळ परत पिवळीत टाकली. ती थोडा वेळ राहिली आणि पुन्हा बुडत्या जोडीत सरकली. पांढरीत टाकली, हिरवीत टाकली. तिथूनही गेली. अक्षर आणि पाठ यांचे रंग आपसात उलटवायची सोय होती, तीही तिने करून पाहिली. निळ्यावर निळं उलटवलं तरी निळ्यावर निळंच राहतं, हे तिला माहीत होतं. तरी पाहिली.

"ताई, गार वाटतंय गं," भाऊ म्हणाला. आता त्याच्या आवाजात चीड नव्हती. लहानपणी ताप चढला की तो असा बोलायचा.

आपल्या एका चुकीने हे झालं, आणि ते निस्तरायची अक्कल आपल्यात नाही, असं तिला वाटलं. मग सुचलं. ओळ त्या जोडीतून निघत नसेल, तर न निघो. जोडीचाच रंग बदलायचा. निळ्यावर पांढरा.

तिने आज्ञा लिहिली आणि कळ दाबली.

भावाची ओळ पांढरीफटक उजळली. तिच्यासोबत बाकीच्याही उजळल्या. आजवर जे जे बुडवलं होतं ते सगळं वर आलं. जिथे मोकळी जागा आहे असं ती समजत होती, तिथे ओळीच ओळी होत्या. फेरीबोटी, पडाव, मचवे. त्यातल्या कितीतरी ओळी तिने कधी लिहिल्याच नव्हत्या.

"दिसला!" वायरलेसमध्ये भाऊ ओरडला. "ताई, तुझ्या मनोऱ्यात पांढरा दिवा दिसला! येतो!"

मग नुसती खरखर.

ती दाराकडे धावली आणि दार सताड उघडलं. थोड्या वेळाने लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. ओली, जड, दमलेली. जिन्यावर कोणी दिसत नव्हतं. पायऱ्यांवर मात्र एकामागून एक पाण्याची थारोळी उमटत होती. ती बाजूला झाली. थारोळी तिच्याजवळून आत आली, आणि तिच्या शेजारची खुर्ची करकरली.

"आलास?" तिने विचारलं.

तिने चाचपडत हात पुढे केला. गार, चिंब बाही लागली, बाहीच्या पुढे पंजा. तो घट्ट धरून ती हमसाहमशी रडली. दिसत नसला तर नसला. आला होता.

टेबलावरचा फोन वाजला. आई होती.

"पोचला का गं तो? केव्हाची फोन लावतेय, उचलत नाहीये."

"आलाय. माझ्या शेजारीच बसलाय."

"दे बरं त्याला."

तिने पंजा न सोडता दुसऱ्या हाताने रिसीव्हर पुढे धरला. कोणीतरी तो तिच्या हातातून घेतला. रिसीव्हर हवेत थांबला आणि त्यातून आईचा बारीक आवाज येत राहिला. आधी रागावलेला, मग अडखळलेला. शेवटी रिसीव्हर पुन्हा तिच्या हातात आला. तो ओला झाला होता.

"आई?"

"कोणाला दिलास गं फोन?"

"म्हणजे?"

"कोणीतरी म्हातारा माणूस आहे. सारखं एकच विचारतोय."

"काय विचारतोय?"

"बाकीचे पण वर आले तर चालेल का, म्हणून."

खाली जिन्यावर काहीतरी वाजलं. पडद्यावर भावाची ओळ शेवटच्या अक्षरापासून विझत होती. फक्त त्याचीच.

वायरलेस खरखरला.

"ताई, दिवा गेला गं. लाव ना पुन्हा."

कीबोर्ड हातभर अंतरावर होता. तिने धरलेला पंजा सोडला.

पंजाने तिला सोडलं नाही.