कोरडी काजळी

राहीने शर्यतीच्या गाडीच्या चाकापुढे दगड लावला, एका पायाने गाडी दाबून धरली आणि दोरी ओढली. इंजिन फुरफुरून बंद पडलं. खरं तर हे दोघांचं काम. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने दोरी ओढायची. पण गाडी धरणारा सत्तार आठ दिवसांपूर्वी काकासाहेबांच्या मुलाकडे, सहादेवाकडे गेला होता. "त्येंच्याकडं पाने हायेत, जॅक हाय. तुज्याकडं काय हाय?" असं म्हणून. तेव्हापासून सोनईतली ती उन्हाळ्याची सुट्टी राहीला खायला उठली होती.

पोरांनी स्वतः जोडलेल्या गाड्यांच्या या शर्यतीचा नियम भिमाजी गुरुजींचा. इंजिन फवारणीच्या पंपाचं, भंगारातलं, पन्नास रुपयांच्या आतलं, म्हणजे कोणत्याही घरचं पोर उतरू शकेल. तशी चार इंजिनं काकासाहेबांनीच आणून दिली होती.

सरावाला राहीला दहादा दोरी ओढावी लागे. सहादेवाचं इंजिन मात्र पहिल्याच ओढीला धडधडायचं. हे तिला खटकलं. सहादेव पाणी प्यायला गेला तेव्हा तिने त्या इंजिनावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि खाली कोरा हिरवा रंग दिसला! तेलाचा जुना काळेपणा असा निघत नाही. ही चुलीची कोरडी काजळी होती, नवं इंजिन जुनं दिसावं म्हणून फासलेली.

तिने वर पाहिलं. समोर सत्तार उभा होता आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या होत्या. सांगावं तर सत्तारचंच नाव आधी निघणार. घरी जाताना तिला रडू आलं.

शर्यतीच्या सकाळी ती गुरुजींपुढे उभी राहिली. "गुरुजी, चारी इंजिनं सारखीच हायेत ना? मंग चिठ्ठ्या टाका. ज्याला जे निघंल, ते त्यानं लावायचं."

"आता ऐन वक्ताला?" काकासाहेब म्हणाले.

"सारखीच आहेत म्हणालात ना तुम्ही?" गुरुजींनी विचारलं.

"सारखीच हायेत, पण सहादेवाचं दुसऱ्याला कशाला?"

माळावर हशा पिकला. गुरुजींनी रुमालाने ते इंजिन पुसलं. "ही काजळी कोणी फासली?"

"मी," सत्तार पुढे आला. "काकासाहेबांनी सांगितलं म्हनून."

काकासाहेबांची मान खाली गेली. "सहादेव, आज तू शर्यतीत उतरायचं नाही, झेंडा धर," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी राहीच्या पाठीवर थाप दिली. "कुणाचंही नाव न घेता लबाडी पकडलीस, पोरी. शाबास."

राहीने गर्दीत पाहिलं. सत्तार कुठेच नव्हता. ती एकटीच आपल्या गाडीपाशी गेली आणि दगड लावायला वाकली. दगड कुणीतरी बाजूला सारला होता.

पलीकडून दोन काळे हात गाडी घट्ट धरून होते.

"वढ," सत्तार म्हणाला.