मेसमधल्या बाईचं नाव

दिल्लीच्या करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर मैत्रेयी गद्रेचं ऑफिस होतं. खाजगी तपासाची कामं ती तिथूनच करायची. मंगळवारी सकाळी आलेली मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

तिचं नाव देवयानी. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या ‘चौकट’ या पाक्षिकात लिहायची.

“हॉस्टेलच्या मेसमध्ये घाण टाकीतलं पाणी स्वयंपाकाला वापरत होते. बावीस मुलींना कावीळ झाली,” ती म्हणाली. “तिथल्या पार्वतीमावशींनी मला सगळं सांगितलं. नाव येणार नाही, असा शब्द दिला होता मी. गेल्या आठवड्यात सोमवारी बातमी आली, त्यातही फक्त ‘एक कर्मचारी’ असं छापलं. तरी शनिवारी ठेकेदाराने त्यांना काढून टाकलं. अकरा वर्षांची नोकरी, मॅडम! आता त्या माझा फोन घेत नाहीत.”

“नाव कोणाकोणाला माहीत होतं?”

“मला. संपादक जयदीपला. आणि फोटो काढणाऱ्या रेवतीला.” देवयानी जरा थांबली. “जयदीपच असणार. एका फेलोशिपसाठी आम्ही दोघांनी अर्ज केलाय. जागा एकच आहे.”

मैत्रेयीचा मावसभाऊ श्रीरंग खिडकीशी बसून ऐकत होता. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो बहिणीच्या सोबतीला असे.

“मग सरळच आहे की,” तो म्हणाला.

“आधी कॉलेजात जाऊन येऊ,” मैत्रेयी म्हणाली.

‘चौकट’ची खोली कॉलेजच्या जिन्याखाली होती. भिंतीवर एक पोस्टर होतं: ‘मोहनलाल स्मृती पत्रकारिता फेलोशिप. छापून आलेली एक बातमी आणि ती कशी मिळवली याचं दोन पानी टिपण पाठवा. अंतिम मुदत गुरुवार.’ तारखेवरून तो गेल्याच आठवड्यातला गुरुवार होता.

जयदीप चिडलेलाच होता. “नाव मला माहीत होतं, बिल्कुल. संपादकाला माहीत असायलाच हवं. पण मी कुणाला का सांगू? उद्या कोण बोलेल आमच्या पेपरशी?”

“पार्वतीबाई किती वर्षं कामाला होत्या?”

“ते मी विचारलंच नाही. नाव ऐकलं, बस.”

“आणि फेलोशिपला कोणती बातमी पाठवलीस?”

“पार्किंगच्या घोटाळ्याची.”

रेवती पार्वतीमावशींच्या मुलाखतीच्या वेळी देवयानीच्या शेजारी बसली होती. “मावशी म्हणाल्या, नऊ वर्षं झाली, रोज चारशे पोळ्या लाटते. म्हणून मी फक्त त्यांच्या हातांचा फोटो घेतला. चेहरा नाही.”

बाहेर पडताच श्रीरंग उत्साहाने म्हणाला, “फोटो! ठेकेदाराने हात ओळखले असणार.”

“दादा, मग त्याने सोमवारीच ओळखले असते. शनिवारपर्यंत थांबला कशाला?”

फरीदाबादला पार्वतीबाईंची एक खोली होती. मैत्रेयी मराठीत बोलली म्हणूनच त्यांनी दार पूर्ण उघडलं.

“ठेकेदार सोमवारपासून मेसमधल्या चौदाही जणांवर ओरडत होता,” त्या म्हणाल्या. “कोण बोललं, कोण बोललं. शनिवारी मात्र सरळ माझ्यासमोर आला. ‘ग्यारह साल हमारा नमक खाया और अखबार में बोलती है?’”

“अकरा?”

“दिल्लीत येऊन अकरा झाली. कामाला नऊच. पण त्याच्याशी वाद कोण घालणार?”

त्यांनी कामावरून काढल्याचं पत्र दाखवलं. खाली ठेकेदाराची सही होती: अनिल मोहनलाल ढींग्रा. मैत्रेयीने ती सही दोनदा वाचली.

बुधवारी दुपारी तिन्ही विद्यार्थी करोल बागेत जमले.

“शुक्रवारपर्यंत ठेकेदाराला नाव माहीत नव्हतं,” मैत्रेयीने सुरुवात केली. “शनिवारी माहीत झालं, आणि त्यासोबत एक चूकही त्याच्याकडे पोचली. अकरा वर्षं. छापलेल्या बातमीत वर्षं नव्हती. जयदीपला वर्षं माहीतच नव्हती. रेवतीने नऊ ऐकलं आणि नऊच सांगितलं. दिल्लीतली वर्षं आणि नोकरीतली वर्षं यांची गल्लत एकाच व्यक्तीने केली. ती मंगळवारी याच खुर्चीत बसून मला ‘अकरा वर्षांची नोकरी’ म्हणाली.”

श्रीरंगने देवयानीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

“पण ती कशाला त्या ठेकेदाराला सांगेल?” त्याने विचारलं.

“तिने त्याला सांगितलं नाही, दादा. फेलोशिपला लिहून पाठवलं. बातमी कशी मिळवली याचं टिपण, गुरुवारपर्यंत. ठेकेदाराच्या वडिलांचं नाव मोहनलाल. त्यांच्याच नावाची फेलोशिप, आणि अर्ज जातात मुलाच्या ऑफिसात. आज सकाळी कॉलेजला फोन करून खात्री करून घेतली.”



“ढींग्रांची आहे हे मला माहीत नव्हतं,” देवयानी कसंबसं म्हणाली. “नाव दिलं नाही तर बातमी घरी बसून रचली असं वाटेल, म्हणून दिलं. वाटलं, अर्ज आहे, पेपर थोडाच आहे.”

“शंका कधी आली?”

“शनिवारीच. नाव मी फक्त तिथेच लिहिलं होतं.” तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “तुमच्याकडे आले, कारण... दुसऱ्या कुणाची तरी चूक निघेल, असं वाटत होतं.”

तिला जयदीपकडे बघवेना. तो उठला आणि बॅग उचलून निघून गेला. रेवतीही त्याच्या मागोमाग गेली.

“आता मी काय करू, मॅडम?”

“ते मी सांगायचं नाही.”

शुक्रवारी देवयानी फरीदाबादला गेली. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून तिने श्रीरंगला सोबत नेलं. पार्वतीबाई दारातच उभ्या राहिल्या. देवयानीने सगळं सांगितलं. शंका येऊनही जयदीपचं नाव घेतलं, तेही सांगितलं.



“माझ्याशी मराठीत बोलायला इथे कोण येतं?” पार्वतीबाई म्हणाल्या. “तू आलीस, म्हणून बोलले मी.”

“मी अर्ज मागे घेतलाय, मावशी. आणि मी काय केलं ते पुढच्या अंकात लिहिणार आहे.”

“त्यात माझं नाव?”

“नाही येणार.”

“तेव्हाही नाहीच म्हणाली होतीस.”

 देवयानीने बॅगेतून छापायला द्यायचे दोन कागद काढून पुढे केले. पार्वतीबाईंनी चष्मा आणला आणि उंबऱ्यातच उभं राहून, ओळीखाली बोट धरून, पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. आत या म्हणाल्या नाहीत. दुसरा कागद संपल्यावर पहिला पुन्हा वाचला.

“छाप,” त्या म्हणाल्या, कागद परत दिले आणि दार लावून घेतलं.