सात नंबरची माहेरवाशीण

दार ढकलून ती दुकानात शिरली तीच मुळी तणतणत. त्या सकाळचं हे चौथं दुकान. आधीच्या तिघांनीही तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून एकच प्रश्न विचारला होता – सोबत कुणी आलंय का?

"जुना लाइट बोर्ड हवाय," ती दारातूनच म्हणाली. "स्टेजचा, बारा दांड्यांचा. सोबत कुणी नाही. निवडणार मी आणि चालवणारही मीच. अजून काही विचारायचंय?"

टेबलाखालून एक डोकं वर आलं. केसांत कोळिष्टक, ओठांत स्क्रू. त्यानं स्क्रू काढून शांतपणे खिशात टाकला.

"चहा घेणार का, एवढंच."

"मी चहा प्यायला आले नाही."

"बरं. मग माझ्यापुरता टाकतो."

नाटकाच्या ग्रुपमधले सगळे तिला ठिणगी म्हणायचे. प्रकाशाचं काम करते म्हणून, असं ती नवख्यांना सांगायची. खरं कारण त्यांना पाच मिनिटांत आपोआप कळायचं. पण आजच्या रागाला घबराटीची किनार होती. शनिवारी दुपारी मावशीनं बसवलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. आठ महिन्यांपूर्वी ती जिथं काम करायची ते थिएटर बंद पडलं, आणि तेव्हापासून ती दादाच्या बाइंडिंगच्या दुकानात वह्यांच्या पाठी चिकटवत होती. मावशीनं विश्वासानं बोलावलं होतं. हा प्रयोग फसला, तर आपण पुन्हा कधी दिव्यांना हात लावणार नाही, हे तिला स्वतःपुरतं पक्कं ठाऊक होतं.

त्यानं तीन बोर्ड मांडले. तिनं प्रत्येकाची दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी एकेक दांडी वर-खाली सरकवली, मागच्या जाळीला नाक लावून जळका वास येतो का ते पाहिलं. पहिल्याच्या दांड्या खुळखुळत होत्या. दुसरा, एक दांडी सरकवली की भलताच दिवा लावत होता. तिसरा ठीक होता, तर तो स्वतःच म्हणाला, "हा नका घेऊ. तासाभरानं तापतो."

"मग विकायला ठेवलाय कशाला?"

"शोभेला."

तिनं रागानं मान फिरवली, आणि कोपऱ्यात, जुन्या पडद्याखाली झाकलेल्या बोर्डाची कड तिला दिसली. तिनं पडदा ओढला.

बारा दांड्या. प्रत्येकीखाली कागदी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईतलं अक्षर. सासू. जावई. आत्या. धाकटे काका. सात नंबरला माहेरवाशीण. बारा नंबर तेवढा कोरा.

ते अक्षर तिचं होतं. सहा वर्षं या बोर्डावर तिनं काम केलं होतं. थिएटरला कुलूप लागलं हे तिला वॉचमनकडून कळलं आणि सामान विकलं हे त्याच्याही नंतर. चार शब्द कळवावेत, असं कुणालाही वाटलं नव्हतं. तो सगळा संताप आत्ता उसळून आला.

"हा द्या."

"हा विकायचा नाही," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच गंभीर. "याचा मालक यायचाय."

"कोण मालक?"

"ज्यानं या पट्ट्या लिहिल्यात तो. लिलावात आला तेव्हापासून मी वाट बघतोय. कुणीतरी खट्याळ म्हातारा असणार. नातेवाइकांना पुरता वैतागलेला."

"म्हातारा!"

"बघा ना, सासू म्हणजे वरून थेट डोक्यावर पडणारा पांढरा उजेड. जावई समोरचा, त्याला सतत जपावं लागतं. पण आत्या नेमकी कुठं पडते, ते काही मला उमगलं नाही."

"सगळीकडे! आत्या दुसरं काय करते?"

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तुम्हाला... कसं माहीत?"

"कारण मी लिहिलंय!"

"असं कुणीही म्हणेल," तो म्हणाला, पण आता तो तिच्याकडे निरखून बघत होता. त्यानं छताला टांगलेला नारिंगी दिवा सात नंबरला जोडला आणि खिडकी लावून घेतली. "माहेरवाशीण उतरवून दाखवा. हळूहळू, संध्याकाळ झाल्यासारखी."

हे तर तिला झोपेतही आलं असतं. तिनं अंगठा दांडीवर ठेवला, नेहमीसारखा जोर दिला... आणि दिवा फट्दिशी विझला.



"मला वाटलंच होतं," तो अंधारात पुटपुटला.

"काय वाटलं होतं? काय केलंस तू हिचं?" ती कडाडली. "ही सहाच्या खुणेवर अडखळायची! चारपर्यंत ओढत न्यावी लागायची, अंगठा दुखेस्तोवर! म्हणून तर उजेड जाता जाता रेंगाळायचा! निघताना पाय निघत नाही तिचा, म्हणून माहेरवाशीण! कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला? आगाऊ कुठला!"

त्यानं खिडकी उघडली. त्याचा चेहरा असा झाला होता, की कुणाला वाटावं त्याला शिव्या नव्हे, बक्षीस मिळालंय.

"अडखळते हे फक्त दोघांना माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "मला आणि जो कुणी ती चालवायचा त्याला." मग एक पत्र्याची डबी उघडून त्यानं तिच्यासमोर धरली. आत कापसात गुंडाळलेली जुनी दांडी होती. "टाकवली नाही. नाव वाचून वाटायचं, असेल काहीतरी कारण... पुन्हा बसवून देतो. आणि म्हातारा म्हटल्याबद्दल माफ करा."

तिला अजून भांडायचं होतं. पण इतक्या महिन्यांत तिचं काहीतरी कुणीतरी जपून ठेवलं होतं, हे डोळ्यांत पाणी आणणारं होतं. आणि त्याचाही तिला रागच आला.

"आता चहा टाक," ती म्हणाली.

"अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलात."

"रागात होते."

"मग राग राहू द्या थोडा."

दांडी बसवताना त्याचं कोपर दोनदा तिच्या हाताला लागलं. दुसऱ्यांदा दोघांनीही हात मागे घ्यायला जरा वेळच लावला.

"बारा नंबर कोरा का?" त्यानं विचारलं.

"तिथं दिवाच नव्हता."

त्यानं फळीवरून एक छोटा पिवळा दिवा काढून तिच्यासमोर ठेवला. "हा माझ्याकडून. नाव तुम्ही ठरवा."

तिनं पर्समधून शनिवारचा पास काढून टेबलावर आपटला. "तिसरी रांग, कडेची खुर्ची. बोर्ड बिघडला तर हाताशी असावास म्हणून. दुसरं काही समजू नकोस."

"छे... दुसरं काय समजणार!"

शनिवारी तिसरी घंटा झाली आणि कडेची खुर्ची रिकामीच. मागच्या केबिनच्या काचेतून ती बघत राहिली. मारलीच ना दांडी! आगाऊ, खोटारडा, थापाड्या... पडदा वर गेला, तरी तिचं पुटपुटणं चालूच होतं.

शेवटच्या प्रवेशात नाटकातला बाप घर सोडून निघाला. तिनं सात नंबरवर अंगठा टेकवला. सहावर माहेरवाशीण अडखळली. तिनं ओढली, ती रेंगाळली, बापाच्या पाठीवरचा नारिंगी उजेड सुटता सुटेना, आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. काळोख झाल्यावर टाळ्या सुरू व्हायलाही थोडा वेळ लागला. जमलं होतं! आणि बघायला तो नव्हता.

संतापून तिनं बारा नंबर झटक्यात वर ढकलला. सकाळी तिनंच रोखून ठेवलेला छोटा पिवळा उजेड नेमका तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर पडला.

"आगाऊ!" ती दात-ओठ खात म्हणाली.

"ओ," पाठीमागून आवाज आला.

केबिनच्या दाराआड तो उभा होता. हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम.

"तू... कधीपासून?"

"पहिल्या घंटेपासून. सात नंबर ऐन वेळी दगा देईल, अशी धास्ती होती. खाली बसून घाबरण्यापेक्षा इथं घाबरलो."

"आणि मी दोन तास त्या खुर्चीला शिव्या घालतेय!"

"ऐकल्या. सगळ्या." तो बोर्डावर वाकला. बारा नंबरखाली नवी पट्टी होती, निळ्या शाईत एकच शब्द. त्यानं तो मोठ्यानं वाचला. "आगाऊ... बाकी सगळी नात्यातली आहेत. मी कोण लागतो?"

तिचा चेहरा तापला. खाली टाळ्या थांबत नव्हत्या, स्टेजवरून मावशी हॉलचे दिवे लावायची खूण करत होती.

"आवडतोस तू मला!" ती भांडल्यासारखी म्हणाली. "एवढंही कळत नाही?"

"एवढं चिडून?"

"मला असंच बोलता येतं! सरळ सांगायला गेलं की अडखळते मी."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच तिला अगं-तूगं केलं.

"अडखळ गं," तो म्हणाला. "या वेळी मी काहीही दुरुस्त करणार नाही."