तिसरी रेघ

हे खरं आहे. काम कधी पूर्ण होणार, एवढा विषय सोडला तर गोविंदा सुतार आजवर खोटं बोललेला नाही.

मागच्या नवरात्रातली खांडेनवमी. भरदुपार. नागपुरात बेसा रोडवर मधुवंतीताईंचा नवा फ्लॅट.

खांडेनवमीला सुतार हत्यारांची पूजा करतो, त्यांना कामाला लावत नाही. गोविंदाच्या बायकोने, सरिताने, सकाळीच कटर मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला होता. पण दुसऱ्या दिवशी ताईंचं वास्तुपूजन. किचनची दारं बाकी. ती आज लागली नाहीत, तर वरच्या मजल्यांची सगळी कामं दुसऱ्या सुताराकडे जाणार होती.

गोविंदाने हार काढून खिशात कोंबला. मशीनला सुट्टी आणि माणसाला नाही... हा कुठला न्याय?

प्लायच्या शीटवर तीन रेघा मारल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला फुली. ही त्याची सवय.

कटर सुरू झालं. पातं प्लायमध्ये घुसलं. भुसा उडाला. पहिली रेघ संपली.

शीट मात्र... अखंड.

ना फट, ना ओरखडा. खाली भुशाचा ढीग.

"गोविंदाभाऊ, नुसतं घासून राहिले का तुम्ही?"

"नाही जी ताई. कापूनच राहिलो. ते कटून नाही राहिलं."

"म्हणजे काय?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं!"

त्याने पातं बदललं. शिवी घातली, पूजेचा दिवस म्हणून हळू आवाजात. दुसऱ्या रेघेला ताईंनी स्वतः शीटचं टोक धरलं. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

शीट अखंड.

मशीन बंद केलं. तरी घरघर येतच राहिली... बारीक... लांबून...

गोविंदाने वायर ओढून काढली.

तरी येतच होती.

"आता बंद पड ना बाप!" तो खेकसला.

ती बंद पडली.

म्हणजे ऐकणारं कोणीतरी होतं, हे त्याला नंतर सुचलं.

वायर पुन्हा लावून तो तिसऱ्या रेघेवर आला. बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. कन्हानहून, घरून. सरिता.

"अहो, कुलरचे दोन तुकडे झाले!"

"पडला असन वं. कामात आहो मी."

"पडला नाही जी! उभ्याउभ्या मधून कापला गेला. अन् आता पाटा... दगडाचा पाटा जी! दोघांवरबी पेन्सिलची रेघ आहे. टोकाले फुली."

गोविंदाने बोट बटणावरून उचललं.

तो तसाच घरी गेला. कुलर दोन. पाटा दोन, बर्फीसारखा सरळ. तिसऱ्या रेघेसाठी त्याने सगळं घर पालथं घातलं. कुठेच नाही.

संध्याकाळी सरिता सासूच्या पाठीला तेल लावायला बसली...

आणि तिने गोविंदाला हाक मारली.

पार्वतीबाईंच्या पाठीवर आडवी, सरळ रेघ होती. टोकाला फुली.

साबणाने गेली नाही. सरिताने सासूला सांगितलं, मळ आहे. पार्वतीबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

वास्तुपूजन किचनला पडदा लावून उरकलं. वरच्या मजल्यांची कामं गेली. गोविंदाने पातं कन्हान नदीत टाकलं आणि ती शीट घरी आणली, दुसऱ्या कोणी कापू नये म्हणून. तिसरी रेघ रबरने खोडली. सकाळी ती पुन्हा होती.

आता शीट गोधडी पांघरून खाटेवर असते. पार्वतीबाई खाली झोपतात.

"लाकडाचे लय लाड चालले गा तुये," त्या म्हणतात. गोविंदा गोधडी सारखी करतो.

काल दुपारी त्याने गोधडी उचलून पाहिली.

तिसऱ्या रेघेच्या टोकाला, फुलीपाशी, चिमूटभर भुसा होता...

ताजा.

आणि आतून पार्वतीबाईंचा आवाज आला, "सरिता, पाहय वं जरा... इथं पाठीत काहीतरी खुपून राहिलं."