टेकडीवरचं लाल कांबळं

“अगं बाई, सांगून सांगून घसा बसला माझा! बिअर अजून तयार नाही! निघा सगळे!”

म्मे मासेचाबा, गावची बिअरवाली काकू, दारात उभी राहून ढवळायचा लाकडी दांडा नाचवत होती. समोर गावातले सात-आठ बाप्ये कांबळी पांघरून, हातात आपापले डबे घेऊन उभे होते. हलायचं कुणी नाव घेत नव्हतं.

“मग निशाण कशाला लावलंस?” एकाने विचारलं.

“मी कुठे लावलंय?”

“हे काय मग? पांढरं निशाण दिसलं की बिअर मिळते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!”

खरंच, तिच्या घराच्या भिंतीला लागून एक उंच काठी उभी होती आणि तिच्यावर पांढरंशुभ्र कापड फडफडत होतं!

मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर पाय हलवत बसलेली तिघंजणं ही गंमत पाहत होती. हा-त्लाली गावातली लिनेओ, तिचा चुलतभाऊ कात्लेहो, आणि मासेरू शहरातून सुट्टीला आलेली त्यांची आतेबहीण रेफिलोए. तिघांच्या मध्ये वाळवलेल्या पीचच्या फोडी होत्या, त्यातल्या बहुतेक कात्लेहोच्या गालात गेल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेशेजारच्या या डोंगरांत जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि जूनची सुट्टी म्हणजे अशीच असायची तेव्हा! शाळेला थंडीचं कुलूप लागायचं, घराघरातून शेण्यांचा धूर निघायचा, ओढ्याच्या कडेला काचेसारखं पातळ बर्फ धरायचं आणि ते टाचेने फोडायला पोरं सकाळी सकाळी धावायची. फोन गावात एकही नव्हता. कुणाला काही सांगायचं तर हाक मारायची, नाहीतर निशाण लावायचं. पांढरं निशाण म्हणजे बिअर, हिरवं म्हणजे भाजी, लाल म्हणजे मटण. नाक्यावर उभं राहिलं की सगळ्या गावाचा बाजार दिसायचा.

“मज्जाच आहे!” रेफिलोए हसली. “निशाण आपोआप उगवलं वाटतं!”

लिनेओ मात्र हसत नव्हती. ती भिंतीवरून उतरली आणि काठीजवळ जाऊन कापडाची कड हातात धरून पाहू लागली.

“काय गं?” कात्लेहोने विचारलं.

“म्मे मासेचाबाचं निशाण पिठाच्या गोणीचं आहे, त्यावर अक्षरंसुद्धा आहेत. हे ते नव्हे. याची कड काळ्या दोऱ्याने शिवलीय. माझ्या आईने शिवलीय!” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “कात्लेहो, हे खुणेचं कापड आहे. मोरेनांचं, गावप्रमुखांचं!”

कात्लेहोच्या तोंडातला पीच तसाच राहिला.

“कुणीतरी मलाही सांगा ना!” रेफिलोए वैतागली.

“उन्हाळाभर गावाजवळचं कुरण बंद असतं,” लिनेओ घाईघाईने सांगू लागली. “मेंढ्या वर डोंगरातल्या तळावर. थंडी आली की मोरेना कुरण मोकळं करतात आणि टोपीच्या टेकडीवर हे कापड लावतात. ते दिसलं की वरच्या गुराख्यांनी ओल्या शेणाचा धूर करून होकार द्यायचा आणि कळप खाली आणायचा. त्याच्या आधी आणला, तर मेंढ्या जप्त!”

“आणि वर आहे कोण?”

“मोलेफी! माझा दादा! बाकीचे गुराखी पलीकडच्या खोऱ्यात उतरले. आमच्याच मेंढ्या तेवढ्या राहिल्यात. गेल्या वर्षी तो दोन दिवस आधी आला, तर सगळ्या गावासमोर उभं केलं त्याला. आता खुणेशिवाय तो पाऊल टाकायचा नाही. पीठ संपलं तरी नाही!”

तेवढ्यात रेफिलोएच्या नाकावर काहीतरी गार टेकलं. तिने वर पाहिलं. राखाडी आभाळातून पिठासारखं बारीक बर्फ भुरभुरायला लागलं होतं. वर्षातलं पहिलं बर्फ! एरवी तिघांनी जिभा बाहेर काढून अंगणभर नाच केला असता. आज कुणी जीभ काढली नाही. खाली भुरभुर असली की वरच्या खिंडीत ढीग साचतात, हे लिनेओला ठाऊक होतं. एकदा खिंड बुजली की मोलेफी आणि मेंढ्या पलीकडेच अडकणार होत्या.

खुणेचं कापड लावायचं काम न्तात रापित्सोकडे, म्हणजे रापित्सोकाकाकडे होतं. तिघं धावत त्याच्या झोपडीत शिरली. रापित्सो चुलीला पाय लावून पडला होता. तोंडाला आंबूस वास येत होता.

“न्तात, खुणेचं कापड कुठे आहे?”

“काठीवर! आणखी कुठे असणार?”

“कुठली काठी?”

“मी स्वतः उभी केली! फडफडताना या डोळ्यांनी पाहिलं! मोरेनांनाही तसंच सांगितलं, ते खुशाल मयताला नदीपलीकडे गेले.”

“पण वाटेत तुम्ही म्मे मासेचाबाकडे थांबलात ना?” कात्लेहोने हळूच विचारलं.

“हात गार पडले होते. शेकायला थांबलो घटकाभर. तिच्याकडे कालची थोडी शिल्लक होती... बरं, तुम्हाला काय करायचंय? मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका! पळा!”

बाहेर आल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळा उलगडा झाला होता! शेकायला थांबलेल्या रापित्सोने काठी भिंतीला टेकवली, आणि निघताना कापड फडफडताना पाहून काम झालं असं समजून तो तसाच घरी गेला. आणि दारापुढे पांढरं निशाण दिसल्यावर गाव दुसरं काय समजणार?

लिनेओने डबेवाल्या मंडळींना सगळं सांगून पाहिलं.

“रापित्सो म्हणतो लावलं, तर लावलंच असेल,” एकजण म्हणाला.

“मोरेनांकडे दोन कापडं असतील,” दुसऱ्याने अक्कल पाजळली.

“उद्या बघू!” तिसरा म्हणाला, आणि सगळे पुन्हा म्मे मासेचाबाच्या चुलीकडे आशेने पाहू लागले.

आई मोरेनांबरोबर मयतालाच गेली होती. वडील लांब, दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत. लिनेओच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कांबळ्याच्या टोकाने पुसलं.

“रडतेस काय?” कात्लेहोने काठी खांद्यावर टाकलीसुद्धा! “टेकडी काय पळून गेलीय?”

टेकडीची वाट निसरडी झाली होती. कात्लेहो दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा “मुद्दाम बसलो!” म्हणाला. माथ्यावर पोचेपर्यंत झुडपं, दगड, गवत सगळं पांढरं झालं होतं. त्यांनी काठी दगडांच्या ढिगात घट्ट रोवली. कापड फडफडू लागलं.

रेफिलोए चार पावलं मागे गेली. मग आणखी दहा.

“लिनेओ,” ती ओरडली, “मला इथूनच दिसत नाहीये ते! पांढऱ्यावर पांढरं! त्याला तिकडून काय दिसणार, कप्पाळ?”

समोरच्या डोंगरावर धुकं उतरत होतं. लिनेओचं कांबळं करडं, कात्लेहोचं मळून मळून मातीच्या रंगाचं झालेलं. रेफिलोएचं मात्र कोरं करकरीत, तांबडंलाल. तिच्या बाबांनी सुट्टीसाठी खास घेऊन दिलेलं. आठवडाभर ती ते कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हती.

तिने छातीवरची मोठी पिन काढली.

“वेडी आहेस का? गारठशील!” लिनेओ म्हणाली.

“मग लवकर बांधा ना! बोलता काय?”

“पण लाल निशाण म्हणजे मटण!” कात्लेहो ओरडला. “सगळं गाव भांडी घेऊन वर येईल!”

लिनेओ क्षणभर थांबली. मग सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

“येऊ देत! खिंडीतून मेंढ्या काढायला माणसं लागणारच आहेत. आपल्या सांगण्याने येत नाहीत ना? मटणाने येतील!”

लाल कांबळं वाऱ्यावर उघडलं. लिनेओ आणि कात्लेहोने रेफिलोएला मध्ये घेतलं आणि दोन कांबळी तिघांभोवती गुंडाळली. समोर नुसतं धुकं. रेफिलोएचे दात वाजत होते. लिनेओ पापणी न लववता एकाच जागी पाहत होती.

“दादा, बघ ना रे,” ती पुटपुटली. “एकदा इकडे बघ.”

वाऱ्याचा एक झोत आला. धुकं पडद्यासारखं सरकलं, समोरचा कडा दिसला आणि पुन्हा झाकला गेला. कुणी पाहिलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आणि मग धुक्याच्या वर एक काळपट रेघ चढू लागली. धूर! ओल्या शेणाचा दाट धूर!

“दिसलं! त्याला दिसलं!” तिघं एकदम किंचाळली आणि तिथेच, त्या दोन कांबळ्यांत, उड्या मारायला लागली.

इतक्यात मागून धापा ऐकू आल्या. सात-आठ बाप्ये चढ चढून आले होते आणि हातातले डबे तेच होते!

“कुणी कापलं? मेंढी की बैल?” पुढच्याने विचारलं.

“मेंढीच!” कात्लेहो गंभीर चेहरा करून म्हणाला. “पण ती अजून जिवंत आहे. तिकडून चालत येतेय. बाकीच्यांनाही घेऊन!”

बाप्यांनी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. आधी धूर दिसला. मग काठीवरचं कांबळं, त्याच्याखाली बांधलेलं काळ्या कडेचं पांढरं कापड, आणि कुडकुडणारी शहरातली पोरगी.

“आम्ही लिनेओचं ऐकलं नाही,” शेवटी सगळ्यांत म्हातारा म्हणाला. त्याने डबा खाली ठेवला. “चला रे! फावडी आणा. आणि त्या रापित्सोलाही उठवा!”

दिवस मावळायच्या आत खिंडीतून पहिली मेंढी खाली आली. मग दुसरी, मग सगळा कळप, पाठीवर बर्फ घेऊन बें बें करत. सगळ्यांत मागे मोलेफी, काखेत एक लंगडी मेंढी. लिनेओ धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली आणि कितीतरी वेळ सोडेचना.

मयताहून परतलेले मोरेना ओढ्यापाशी उभे होते. शेजारी रापित्सो, खाली मान घालून.

“आपली खूण पांढरी, आणि लाल म्हणजे मटण,” मोरेनांनी मोलेफीला विचारलं. “मग तू निघालास कसा?”

“टेकडीवर कोण मटण विकणार, मोरेना?” मोलेफी म्हणाला. “नीट पाहिलं तर कांबळं होतं. म्हटलं, बर्फात कुणी अंगावरचं कांबळं उगाच उतरवत नाही. तिथे कोणीतरी माझ्यासाठी थंडीत उभं आहे.”

मोरेनांनी तिन्ही पोरांच्या डोक्यावर हात ठेवला.

“आम्ही मोठी माणसं आज चुलीपाशी बसलो, आणि गाव या पोरांनी सांभाळलं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आजपासून आपली खूण लाल! आणि ती या तिघांनी लावायची.”

मोलेफीने आपलं धुराने भरलेलं, मेंढ्यांच्या वासाचं जुनं कांबळं काढून रेफिलोएच्या खांद्यावर टाकलं. सुट्टी संपल्यावर ती तेच पांघरून मासेरूला गेली. तिचं लाल कांबळं मोरेनांच्या घरी राहिलं.

आता हा-त्लालीत प्रत्येक गुराख्याच्या खिशात फोन असतो. टेकडीवर कुणी काही लावत नाही, आणि दगडांचा तो ढीगही अर्धा ढासळलाय. पण अजूनही जूनमध्ये डोंगरावर पहिलं बर्फ भुरभुरलं की मासेरूत रेफिलोएच्या घरी फोन वाजतो. पलीकडून मोलेफीचा म्हातारा झालेला आवाज येतो. तो बाकी काही बोलत नाही, एवढंच विचारतो, “अंगावर कांबळं आहे ना गं?”