सगळे घरी आले

घारी सकाळपासून बाल्कनीच्या दाराशी निजून होती. तिच्या मेंदूच्या लेखी सगळा कळप घरी आलेला होता.

कालिंदी औषधांचं दुकान मदतनिसावर सोपवून चारला घरी आली तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. सासऱ्यांची खुर्ची रिकामी होती, त्यांच्या चपला मात्र जागेवर होत्या. घारीने मान न उचलता शेपटी आपटली. कालिंदीचा नवरा निरंजन आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होता.

"तात्या कुठायत?"

"खाली गेले असतील. येतील."

"अनवाणी? अरे, दार उघडं टाकून गेलेत!"

"येतील गं. चहा टाकतेस?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा झोप झाल्यासारखा दिसत होता.

वर्षापूर्वी हे घडलंच नसतं. घारी बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या राखण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली जात. काळापांढरा रंग आवडला म्हणून निरंजनने ती अठराव्या मजल्यावर आणली. दमावी म्हणून तो रोज तासन्‌तास चेंडू फेकायचा. ती दमली नाही, उलट अधिक काटक झाली. तिला नुसतं पळायचं नव्हतं, काम हवं होतं. मिळेना तेव्हा तिने ते स्वतःच शोधलं. गणपतीच्या आरतीला सोसायटीतली सगळी पोरं तिने टाचांशी तोंड नेऊन मंडपाच्या कोपऱ्यात गोळा केली आणि शेवटचं पोर आत आल्यावरच ती बसली. तात्यांचं विसरणं वाढलं तसं तिने तेही काम अंगावर घेतलं. ते दाराकडे वळले की ती आडवी उभी राहून डोळे रोखायची. "आला बघ हवालदार," असं पुटपुटत तात्या मुकाट खुर्चीत परतायचे. दिवाळीत ते जिन्यात भरकटले, तेव्हा वासावरून त्यांना शोधलं तेही घारीनेच.

आरतीनंतर सोसायटीने 'कुत्री काढा' असा धोशा लावला. दिवाळीनंतर निरंजनने त्यावर तोडगा काढला, इतिकण.

कुलूप लावल्यावर आपण ते विसरू शकतो, कारण मेंदूतल्या काही पेशी 'झालं' अशी खूण देतात. ती खूण आली नाही, तर माणूस अर्ध्या जिन्यातून परत येऊन कुलूप ओढून पाहतो. डॉ. सोहोनींनी या पेशी शोधल्या आणि त्यांना इतिपेशी असं नाव दिलं. लांडग्याच्या मेंदूत ही खूण सावज मेल्यावर उमटते. माणसाने राखणीच्या कुत्र्यांमधलं मारणं काढून टाकलं आणि घेरणं तेवढं ठेवलं. त्या घेरण्याला एकच शेवट उरला, सगळे आत येणं. इतिकण कानामागे कातडीखाली बसतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तो सूक्ष्म लहरींनी इतिपेशींना दिवसभर चेतवत राहतो. मग कळप नसला तरी तो घरी आलेला असतो.

कालिंदी धावत खाली गेली, तेव्हा मागच्या फाटकावरचा वॉचमन ओशाळून म्हणाला, "दुपारीच गेले, ताई. मला वाटलं, कुत्री सोबत नाही म्हणजे मागनं साहेब येत असतील."

फाटकापलीकडे महामार्ग होता. कालिंदीने पोलिसांना फोन केला आणि घारीला वरून जवळजवळ फरफटत डॉ. सोहोनींच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात नेलं.

"हिला वास दिला, तात्यांचा सदरा नाकाशी धरला. उठत नाही. तुमचा कण बिघडलाय."

सोहोनींनी घारीचे डोळे तपासले. "बिघडलेला नाही, मॅडम. शोधतो कोण? ज्याचं काही हरवलंय तो. हिच्या लेखी तुमचे सासरे घरीच आहेत."

"ते महामार्गावर आहेत! अनवाणी!"

"शांत व्हा..."

"शांत? शांत केलंत की तुम्ही सगळ्यांना! राखण करणारं जनावर होतं माझ्या घरात, त्याची तुम्ही उशी केलीत. बंद करा तो कण, आत्ताच्या आत्ता."

सोहोनी पडद्याकडे वळले. "फ्लॅट अठराशे चार... इथे दोन कण आहेत, यातला कुठला?"

"कुठला म्हणजे?"

त्यांचं बोट थांबलं.

"आमच्याकडे एकच कुत्री आहे, डॉक्टर."

त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे मी सांगायला नको होतं. माणसांवरची चाचणी सुरू आहे. ज्यांच्या घरी तुमच्या सासऱ्यांसारखा रुग्ण असतो ती माणसं झोपत नाहीत, मॅडम. दार वाजलं की उठतात, वाजलं नाही तरी उठतात. तुमच्या मिस्टरांनी स्वतः संमती दिली होती."

कालिंदीला तो झोप झालेला चेहरा आठवला. येतील गं.

"दोन्ही बंद करा."

"माणसाचा कण त्याला विचारल्याशिवाय बंद करता येत नाही."

"मग विचारा! माझ्यासमोर विचारा."

सोहोनींनी फोन स्पीकरवर टाकला. "निरंजन, तुमचे वडील सापडत नाहीयेत. तुमचा कण बंद करू का?"

"बंद? कशाला?" निरंजनचा आवाज प्रेमळ होता. "सगळं ठीक आहे की. कालिंदी तिथे आहे का? तिला म्हणावं, चहा मीच टाकलाय."

सोहोनींनी फोन ठेवला. "सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "आजवर एकानेही बंद करा म्हटलेलं नाही. आम्ही ते यश म्हणून मांडतो."

"मांडा," कालिंदी म्हणाली. "उद्या तुम्ही हरवलात ना, तर तुमच्या घरीही असाच चहा उकळत राहो."

त्यांनी मान खाली घालून घारीचा कण बंद केला.

आधी तिचे कान उभे राहिले. मग ती उठली. कालिंदीला हुंगून तिने खोलीभर पाहिलं, आणि तिच्या घशातून कित्येक महिन्यांत न आलेला बारीक आवाज निघाला. सदरा नाकाशी येताच ती दाराबाहेर झेपावली. पट्ट्याने कालिंदीचा तळवा सोलवटला.

मागच्या फाटकाशी मात्र घारी थबकली. नाक महामार्गाकडे, मान मागे. वर अठराव्या मजल्यावर बाल्कनीत निरंजन कप घेऊन उभा होता. त्याने हात हलवला. घारी त्याच्यावर भुंकली, पुन्हा भुंकली, आणि इमारतीकडे ओढ घेऊ लागली. तिच्या लेखी कळपातले दोघे बाहेर होते, एक महामार्गाकडे आणि एक वर बाल्कनीत.

"तो राहू दे," कालिंदी दात आवळून म्हणाली आणि पट्टा महामार्गाकडे खेचला. "जे पायांनी निघालेत, त्या तात्यांना आधी आणू. चल."